गुपचूप सुटका नको

आजचं वाचन: प्रेषितांची कृत्ये १६:१६-४० (मनन विशेषतः ३५ ते ४० या वचनांवर)



फिलिप्पैच्या तुरुंगाची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय. मध्यरात्र, खोड्यात अडकवलेले पाय, पौल आणि सीला यांची गाणी, भूकंप, उघडलेली दारं, तलवार उपसलेला तुरुंगाधिकारी आणि मग त्याच्या सगळ्या घराण्याचा बाप्तिस्मा. आपल्याकडचा उपदेश बहुतेक वेळा ३४ व्या वचनाला, त्या घरातल्या जेवणाच्या पंगतीपाशी संपतो. पुढची सहा वचनं राहून जातात. मी स्वतः या उताऱ्यावर निदान दहा-बारा उपदेश ऐकले असतील, पण सकाळी काय झालं यावर एकही ऐकल्याचं आठवत नाही.

आज त्या सकाळबद्दल. कारण आमच्या युवक संघात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "ताई, विश्वासणाऱ्यांनी राजकारणात पडावं का? आपलं काम प्रार्थना करणं, एवढंच ना?" आणि दुसरीकडून लगेच कोणीतरी म्हणतं, "प्रार्थना पुरे झाली, आता रस्त्यावर उतरा." पौलाने त्या सकाळी जे केलं ते या दोघांनाही थोडं अडचणीत टाकणारं आहे.

आधी हे प्रकरण सुरू कशावरून झालं ते बघू. फिलिप्पै ही मासेदोनियातली रोमन वसाहत. इ.स.पू. ४२ मध्ये तिथे मोठी लढाई झाली आणि नंतर निवृत्त रोमन सैनिकांना तिथे जमिनी देऊन वसवलं गेलं. त्यामुळे शहर ग्रीक मुलखात, पण तोरा सगळा रोमचा. रोमन कायदा, रोमन अधिकारी, त्यांच्यापुढे छड्यांच्या जुड्या घेऊन चालणारे चोपदार. या शहरात एक दासी होती, भविष्य सांगणारी, आणि तिच्या भविष्यावर तिचे धनी (लूक अनेकवचन वापरतो, म्हणजे ती भागीदारीतली मालमत्ता होती) चांगला पैसा कमावत होते. पौलाने येशूच्या नावाने तिला त्या आत्म्यापासून मोकळं केलं. ती बरी झाली आणि धंदा बसला.

आता १९ ते २१ ही वचनं सावकाश वाचा. लूक सांगतो की धन्यांना राग आला तो कमाई गेल्याचा. पण अधिकाऱ्यांसमोर उभं राहिल्यावर ते कमाईबद्दल एक शब्द काढत नाहीत. तिथे ते म्हणतात की ही माणसं यहूदी आहेत, आपल्या शहरात गोंधळ घालताहेत, आम्हा रोमी लोकांना न चालणारे रिवाज शिकवताहेत. खिशाचा प्रश्न बघता बघता संस्कृतीचा झाला. बाहेरचे विरुद्ध आपले. लोक भडकले, अधिकाऱ्यांनी कपडे फाडून छड्या मारायचा हुकूम दिला. साक्ष नाही, जबाब नाही, तुमचं म्हणणं काय असं विचारणंसुद्धा नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची ही चार-पाच वाक्यं वाचताना मला दर वेळी वाटतं की लूकने कालचा पेपर वाचलाय.

मग ती रात्र. ती तुम्हाला माहीत आहे.

सकाळी चोपदार निरोप घेऊन येतात: त्या माणसांना सोडून द्या. तुरुंगाधिकारी बिचारा आनंदाने पौलाला सांगतो, हुकूम आलाय, आता शांतीने जा. आपण असतो तर? हालेलूया म्हटलं असतं, पाठीवरच्या वळांवर तेल लावलं असतं आणि पहिल्या गाडीने गाव सोडलं असतं. पुढच्या रविवारी साक्षही दिली असती.

पौल म्हणतो, नाही जाणार. आम्ही रोमन नागरिक आहोत. चौकशी न करता आम्हाला चारचौघांत मारलं, तुरुंगात टाकलं, आणि आता गुपचूप बाहेर काढता? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं.

यातला कायद्याचा मुद्दा किरकोळ नव्हता. रोमन नागरिकाला न्यायनिवाडा झाल्याशिवाय फटके मारणं कायद्याने मना होतं; इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून तसे कायदे होते. अधिकारी घाबरले ते उगाच नाही. हे वरपर्यंत गेलं असतं तर त्यांचं पद धोक्यात आलं असतं. ते आले, विनवणी केली, स्वतः बाहेर घेऊन गेले.

इथे आपल्यापैकी अनेकांना खटकतं, आणि खटकायला हवं. दुसरा गाल पुढे करण्याचं काय झालं? डोंगरावरचं प्रवचन पौल विसरला का?

दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, पौल काय मागत नाही ते बघा. नुकसानभरपाई मागत नाही. अधिकाऱ्यांना शिक्षा मागत नाही. त्या धन्यांवर उलटी फिर्याद करत नाही. हातात एवढं मोठं हत्यार असताना तो फक्त इतकंच मागतो की जे अन्यायाने चव्हाट्यावर केलं ते दुरुस्त करायलाही चव्हाट्यावर या. क्षमा त्याने रात्रीच केली होती, नाहीतर ज्या माणसाने त्याचे पाय खोड्यात ठोकले त्याला 'स्वतःला इजा करून घेऊ नकोस' असं ओरडून कोण सांगतं? पण त्याच्या क्षमेमुळे छड्यांची ती नोंद बरोबर ठरत नव्हती.

दुसरी गोष्ट, योहान १८:२२-२३ उघडा. महायाजकापुढे एक शिपाई येशूला चापट मारतो. तिथे प्रभू गप्प राहत नाही. मी चुकीचं बोललो असेन तर ते दाखव, नाहीतर मारलंस का, असं तो त्याला विचारतो. उलट मारत नाही, शिव्या देत नाही, पण मारणाऱ्याला कारण विचारतो. म्हणजे गाल पुढे करणं आणि सवाल करणं या दोन गोष्टी प्रभूच्या ठायी एकत्र राहत होत्या. आपण त्यातली सोयीची एक निवडतो.

आणि हो, रोमकरांस १३ वा अध्यायही याच पौलाचा. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा म्हणणारा. व्हॉट्सॲपवर तो अध्याय फार फिरतो, विशेषतः कोणाला गप्प बसवायचं असलं की. पण अधिकारी देवाचा सेवक आहे असं म्हटल्यावर तो आपल्या मर्जीचा मालक राहत नाही, त्याला नियम लागतो. फिलिप्पैत पौल अधिकाऱ्यांना त्यांच्याच कायद्याच्या अधीन व्हायला सांगतोय.

पण मला जास्त विचार करायला लावणारा प्रश्न वेगळा आहे. नागरिकत्वाचं त्याने आदल्या दिवशीच का नाही सांगितलं? पुढे यरुशलेमेत (अध्याय २२) फटके बसण्याआधीच तो सांगतो आणि वाचतो. इथे मार खाऊन झाल्यावर सांगितलं. काही टीकाकार म्हणतात गोंगाटात कोणी ऐकलंच नसेल. शक्य आहे. मला मात्र ४० व्या वचनात उत्तराचा धागा दिसतो. तुरुंगातून निघून ते थेट लुदियेच्या घरी जातात.

त्या घरात कोण होतं? जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी, थुवतीराहून आलेली एक बाई. तिचं घराणं. आता तुरुंगाधिकाऱ्याचं कुटुंब. आणखी काही नवीन बंधू-भगिनी. यातल्या किती जणांकडे रोमन नागरिकत्व होतं? फार थोड्यांकडे असेल, कदाचित कोणाकडेच नाही. पौल तर दुपारी गाव सोडणार होता. मागे राहणार ही मंडळी, त्याच बाजारात, त्याच अधिकाऱ्यांच्या राज्यात. पौल-सीला रात्रीच्या अंधारात हद्दपार झालेले गुन्हेगार म्हणून गेले असते तर दुसऱ्या दिवशी लुदियेच्या दारावर कोण थाप मारणार होतं? उलट अख्ख्या शहराने पाहिलं की अधिकारी स्वतः त्यांना बाहेर सोडायला आले. पौलाने आपलं नागरिकत्व स्वतःची पाठ वाचवायला खर्च केलं नाही. ज्यांच्याकडे ते नव्हतं त्यांच्यासाठी राखून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी वापरलं. असं मी हे वाचते.

नंतर याच मंडळीला लिहिलेल्या पत्रात (फिलिप्पैकरांस १:२७) पौल एक क्रियापद वापरतो. आपल्या मराठी बायबलात तिथे 'आचरण' आहे, पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'नागरिक म्हणून वागणं' असा आहे. स्वर्गातल्या नागरिकत्वाबद्दल ३:२० मध्ये लिहिणारा माणूस पृथ्वीवरच्या नागरिकत्वाबाबत बेफिकीर नव्हता, आणि ते वाचणाऱ्यांना ती सकाळ नक्की आठवली असेल.

आपल्या मातीतलं एक उदाहरण थोडक्यात सांगते. १८९७, पुण्यात प्लेग. सरकारी बंदोबस्त कडक, घराघरांत शिरून झडत्या, माणसं उचलून रुग्णालयात आणि विलगीकरण छावण्यांत. पंडिता रमाबाईंना बाप्तिस्मा घेऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती. त्यांचं काम चालत होतं ते परदेशी ख्रिस्ती मित्रांच्या पाठबळावर, आणि राज्य होतं ख्रिस्ती म्हणवणाऱ्या इंग्रजांचं. गप्प बसणं सोयीचं होतं. रमाबाईंनी मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रातच लिहिलं की प्लेगच्या रुग्णालयात आणि छावणीत बायकांची काय अवस्था आहे, त्या कशा सुरक्षित नाहीत. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचं म्हणणं झटकून टाकलं. रमाबाईंना ख्रिस्त सापडला होता, पण त्यामुळे 'आपलं' सरकार नावाची गोष्ट त्यांना सापडली नाही. आज आपला पक्ष, आपला उमेदवार, नाताळच्या कार्यक्रमाला केक कापायला येणारा आपला नगरसेवक, या सगळ्यांकडे बघताना मला हे आठवतं.

आता जवळचं. तुमच्यातले बरेच जण तेव्हा कॉलेजात असाल.

फादर स्टॅन स्वामी, जेझुइट धर्मगुरू. तमिळनाडूत जन्म, आयुष्य झारखंडमधल्या आदिवासींबरोबर गेलं. जमीन, जंगल, विस्थापन हे त्यांचे विषय. आणखी एक विषय होता: खटला न चालता वर्षानुवर्षं तुरुंगात पडलेले आदिवासी तरुण. त्यांच्यासाठी ते झारखंड उच्च न्यायालयात गेले होते. ८ ऑक्टोबर २०२० ला राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना रांचीत अटक केली, भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणात, यूएपीए कायद्याखाली. बंदी घातलेल्या माओवादी पक्षाशी संबंध असल्याचा आरोप होता, तो त्यांनी नाकारला. वय ८३. कंपवाताने हात इतका थरथरत होता की पेला धरता येत नव्हता. पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. तळोजा तुरुंगातून त्यांनी मित्रांना जे कळवलं त्यात सोबतच्या गरीब कैद्यांचीच चौकशी जास्त होती, ज्यांना आपल्यावर आरोप काय हेही माहीत नव्हतं. विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. उच्च न्यायालयात अर्ज प्रलंबित असताना, ५ जुलै २०२१ ला, वांद्र्याच्या रुग्णालयात ते वारले. खटला सुरूच झाला नव्हता.

काही जण म्हणतील, ताई, ते निर्दोष होते हे तुम्हाला काय माहीत? हा प्रश्न योग्य आहे. दोषी की निर्दोष हे ठरवायची एक जागा असते, आणि प्रकरण त्या जागेपर्यंत पोचलंच नाही. पौलाची तक्रार नेमकी हीच होती. ३७ व्या वचनात तो 'आम्ही निर्दोष आहोत' असं म्हणत नाही. चौकशी न करता शिक्षा झाली, असं म्हणतो. आणि स्टॅन स्वामी गेल्यावरही त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचं नाव निष्कलंक व्हावं म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. माणूस गेला, आता कशाला, असं ते म्हणाले नाहीत. गुपचूप सुटका नको, हेच.

पण आपण फक्त आपल्या फादरसाठी मेणबत्त्या लावल्या आणि घरी आलो तर फिलिप्पैचा धडा निम्माच वाचला असं होईल. २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यातली सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकाल लागलेला नाही. चारातले तीन. यात दलित, आदिवासी आणि मुसलमान यांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे. यातल्या काही जणांना जामीन मंजूर झालेला असतो. पण जामीनदार नाही, भरायला काही हजार रुपये नाहीत, म्हणून ते आत असतात. तुमच्या-माझ्या एका वीकेंडच्या खर्चाएवढी रक्कम.

आणि इथे मला ती दासी आठवते. पौलाकडे नागरिकत्व होतं म्हणून अधिकारी धावत आले. तिच्याकडे काय होतं? ती कोणाची तरी वस्तू होती. तिच्यासाठी कोणी विनवणी करायला आलं नाही. तिचं पुढे काय झालं हे लूक सांगत नाही. कमाई न देणाऱ्या दासीचं धनी काय करतात, याचा विचार करवत नाही. मला मनापासून वाटतं की लुदियेच्या घरातल्या कोणीतरी तिची विचारपूस केली असेल, पण वचनात तसं नाही, म्हणून मी तसं म्हणणार नाही.

या बाबतीत आपल्या हातात रोमपेक्षा चांगला कागद आहे. संविधानाच्या कलम २१ मध्ये जीविताचं आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचं जे संरक्षण आहे ते 'नागरिकाला' नाही, 'व्यक्तीला' आहे. कागदपत्रं असोत वा नसोत. कलम १४ सुद्धा तसंच. कलम २२ सांगतं की अटक केलेल्याला कारण सांगायला हवं, वकिलाचा सल्ला घेऊ द्यायला हवा आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायला हवं. (त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेचा अपवादही आहे, तोही वाचा.) कलम ३९अ मोफत कायदेशीर मदतीबद्दल आहे, आणि त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे, बहुधा कोर्टाच्याच आवारात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ पुरतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले चालू असलेल्यांना ती लागू नाही. हे तपशील कंटाळवाणे आहेत, मला माहीत आहे. पण पौलालाही आपला कायदा माहीत होता म्हणूनच तो बोलू शकला.

युवक संघातल्या ज्याने तो प्रश्न विचारला होता, तो आयटीत आहे. त्याला मी उत्तरादाखल एक काम सांगितलं: तुमच्या मंडळीत वकील कोण आहेत, एलएलबी कोण करतंय, याची यादी काढ. यादीत तीन नावं निघाली. आमच्यातली एक मुलगी आता महिन्यातून एकदा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन बसते, अर्ज लिहून द्यायला मदत करते. ज्यांचे अर्ज ती लिहिते त्यांत आजवर एकही ख्रिस्ती नाही. तिच्या आईचा पहिला प्रश्न होता, "मग आपल्याला काय उपयोग?" मुलीने सांगितलं, "आई, माहीत नाही." आई अजून नाराज आहे, पण डबा देते.

आजची प्रार्थना:

प्रभू, पौल आणि सीला यांना जशी तू त्या आतल्या कोठडीत सोबत दिलीस तशी आज रात्री तळोजा, येरवडा, आर्थर रोड आणि गावोगावच्या कोठड्यांत ज्यांची तारीख पुढे ढकलली गेली त्यांना दे. त्यांच्या घरी वाट बघणाऱ्यांना दे. त्यांच्यावर पहारा देणाऱ्यांना तुरुंगाधिकाऱ्याचं मन दे, ज्याने त्याच रात्री त्यांच्या जखमा धुतल्या. आणि ती दासी जिथे कुठे गेली, जिच्याबद्दल आम्हाला काही कळलं नाही, तिला तू विसरला नाहीस म्हणून तुझे आभार. येशूच्या नावाने मागतो, आमेन.

उद्याचं वाचन: प्रेषितांची कृत्ये १७:१-९. पौल आता थेस्सलनीकात आहे आणि पुन्हा दंगल होते. तिथे यासोन नावाच्या माणसाला जामीन द्यावा लागतो. आरोप काय होता आणि पकडायला गेले होते कोणाला, ते वाचून या.